कुरकूर ऐकून घेणारी मंडळी

ज्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, कोणाचीच तक्रार नसते ती प्रेमळ, असे आपण सहज धरून चालतो. मला ते पटत नाही. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे विश्वासणारे मालमत्ता विकून ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून देत आणि घरोघरी भाकर मोडत, या वर्णनावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. पण नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याच मंडळीत काय घडले, त्याची चर्चा फारशी होत नाही. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा डावलल्या जात होत्या आणि त्यावरून कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या मुख्य शिष्यांनी, ती दाबली नाही, बोलणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि मंडळीनेच सात जण निवडले. स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले, असा मी त्याचा अर्थ घेतो, आणि प्रीतीचे याहून मोठे उदाहरण मला सापडत नाही.

आपल्याकडे आजारी वृद्धेचे नाव प्रार्थनेत दर रविवारी घेतले जाते, पण तिला उपासनेला आणायचे कोणी, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) घरी न्यायचे कोणी, हे ठरलेलेच नसते. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी गेला असेल. मंडळीत माया नसते असे मुळीच नाही, पण ती कोणाच्या तरी नावावर जबाबदारी म्हणून लिहिली जात नाही, तोवर दारापर्यंत पोहोचत नाही.

दुखावलेल्या माणसांचेही तेच. बंधूने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, असे प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. आपण मात्र त्याला सोडून बाकी सर्वांकडे जातो, आणि तेही ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. याने जितकी घरे मंडळीपासून तुटतात, तितकी शिकवणीच्या मतभेदांनी तुटत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’, हे याकोबाने आपल्या पत्रात ज्यांना सुनावले तेही विश्वासणारेच होते. करिंथ शहरातील विश्वासणारे तर प्रभुभोजनासाठी जमूनही एकमेकांसाठी थांबत नव्हते. एक भुकेला राही, दुसरा पिऊन मस्त होई. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांना सांगितलेला उपाय अगदी साधा होता: एकमेकांची वाट पाहा.

म्हणून पाळक आणि मंडळीचा कारभार पाहणारी पंचकमिटी यांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक बैठकीत जमाखर्चाच्या आधी, गेल्या महिन्यात उपासनेला न दिसलेल्यांची नावे वाचावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्या आठवड्यात भेटायला जाणाऱ्याचे नाव लिहूनच पुढच्या विषयाकडे वळावे.