मार्टिनसाइडचं पान कापणाऱ्याला

ब्लेडने कापलंय. फाडलेलं नाही, कापलंय. शिवणीपाशी जेमतेम दोन मिलिमीटर कागद ठेवून, पट्टी लावून, सावकाश. त्या कडेवरून बोट फिरवलं तर अजून धार लागते. डावीकडच्या पानावर मार्टिनसाइड एस-१ या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाची माहिती सुरू होते, शेवटची ओळ अर्धवट राहते आणि उजवीकडे भलत्याच वाक्याचं शेपूट.

पुस्तक जे. एम. ब्रूस यांचं आहे, ‘ब्रिटिश एअरोप्लेन्स १९१४–१८’, पुटनम, १९५७. ज्यांनी ते शोधलंय त्यांना पुढे काही सांगायला नको. बडोद्यात त्याची एक प्रत आहे हे कळायलाच कैक वर्षं गेली, कारण कॅटलॉगमध्ये लेखकाच्या रकान्यात प्रकाशकाचं नाव आणि विषय ‘मशिनरी’. कुठल्या संस्थेचं ग्रंथालय ते लिहीत नाही. आधी अर्ज, मग शिफारसपत्र, मग ‘साहेब रजेवर आहेत’. झेरॉक्स नाही, फोटो नाही, पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. हे सगळे नियम मी मुकाट्याने पाळले. नियम पुस्तकाच्या भल्यासाठीच असतात असं मी मानतो. आणि आत हे! मला पेन नेऊ देत नाहीत, त्या माणसाला ब्लेड नेऊ दिलं.

काउंटरवरच्या मुलाला पान दाखवलं. त्याने पुस्तक हातात घेतलं, अंगठ्याने पानं फर्रकन उडवली आणि म्हणाला, “बाकीनां पानां तो छे ने, काका!”

बाकीची पानं आहेत! अरे, बाकीच्या पानांवर कॅमल आहे, एस. ई. ५ आहे, ब्रिस्टल फायटर आहे. ती विमानं जगातल्या प्रत्येक पुस्तकात आहेत, रंगीत चित्रांसकट. मार्टिनसाइड एस-१ कोण छापतो? ऐंशी अश्वशक्तीचं नोम इंजिन, एकच वैमानिक, थोडीच तयार झाली आणि लवकरच मागे पडली. लुई स्ट्रेंज हा वैमानिक मे १९१५ मध्ये लुइस मशीनगनचं गोळ्यांचं ड्रम बदलताना उलट्या झालेल्या विमानातून बाहेर फेकला गेला आणि त्याच ड्रमला लोंबकळत राहिला, तेवढा एक किस्सा सगळे सांगतात. विमानाबद्दल कोणी बोलत नाही.

मला हवं होतं ते अगदी लहान. सुरुवातीच्या एस-१ ला चार चाकांचं अवजड अंडरकॅरेज, म्हणजे उतरायचा चाकांचा सांगाडा, होतं, पुढच्यांना साधं दोन चाकांचं. ऑगस्ट १९१५ मध्ये मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेसाठी जी बसऱ्याला उतरली ती यातली कुठली? वाळूत, त्या उन्हात, कच्च्या जमिनीवर उतरणाऱ्या विमानाला चाकं किती हा फालतू प्रश्न नाही. त्याच मोहिमेत कूत गावात ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. घोडे कापून खाल्ले. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, जात्याचा दगडसुद्धा टाकला. सातारा-रत्नागिरीकडची माणसं मान वर करून ज्या यंत्रांकडे बघत होती ती यंत्रं नेमकी कुठली, एवढं जाणून घ्यायचा हक्क आपल्याला नाही?

उरलेल्या पानांची दशा ऐका. फोटोंवर शिक्के मारलेत. गोल, जांभळे, संस्थेचं नाव आणि मधोमध नोंदणी क्रमांक. पानाला चारही बाजूंनी पांढरा समास आहे, पण शिक्का मारलाय विमानाच्या शेपटीवर, नेमका सिरियल नंबरावर. शाई इतकी भरली की पहिले दोन आकडे गेले ते गेलेच. नंबर म्हणजे विमानाची ओळख! निजामाने पैसे दिलेल्या ११० स्क्वाड्रनचं डी. एच. ९ ए हे बाँबफेकी विमान, नंबर एफ-१०१०, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं, बर्लिनच्या संग्रहात गेलं, तिथून पोलंडला, आणि आज लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये उभं आहे. त्याचा सगळा प्रवास सांगता येतो तो त्या नंबरामुळे. आणि इथे शिपायाच्या हातात शिक्का दिला की तो सर्वांत काळी जागा बघून दाबतो.

पुस्तकाचं पुन्हा बाइंडिंग करणाऱ्याचं तर नावच काढू नका. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून कटिंग मशीनखाली घातलं पुस्तक. पंखांची टोकं गेली. मापं लिहिलेली पट्टी गेली.

हे एकाच ग्रंथालयाचं नाही. त्या युद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकृत इतिहासाचा पाचवा खंड, १९३५ चा, मेसोपोटेमियाची हकीकत त्यातच आहे. त्याचं स्कॅन मिळालं म्हणून आनंदाने उघडलं, तर नकाशा घडी न उलगडताच स्कॅन केलेला. नदी अर्ध्यात संपते. कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा, रबरी टोपणासकट. पैसे भरून मागवलेलं पुनर्मुद्रण आलं, त्यात प्रत्येक फोटो म्हणजे काळा चौकोन. इंग्लंडहून मागवावं तर टपालखर्च पुस्तकाच्या दुप्पट, वर कस्टम. दांडिया बाजारात एका वाड्यात साठच्या दशकातल्या, एकेका विमानावरच्या प्रोफाइल पुस्तिकांचा गठ्ठा आहे असं कळलं. मी पोचेपर्यंत पस्तीवाला किलोच्या भावाने घेऊन गेला होता. “वाळवी लागली होती हो,” घरच्या सूनबाई म्हणाल्या. एक पुस्तिका दाराला अडकण म्हणून राहिली होती. वाळवीचा एक ठिपका नव्हता तिला!

आणि हे सांगायला लागलं की समोरचा हमखास तळपद्यांवर येतो. म्हणे त्यांनी विमान उडवलं: १८९५, मुंबईची चौपाटी, राइटबंधूंच्या आधी. बडोद्यात तर त्याला जोर चढतो, कारण गोष्टीत सयाजीराव महाराजांना प्रेक्षक म्हणून बसवलेलं असतं. त्या वेळचा कागद दाखवा म्हटलं की विषय बदलतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या त्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत हे गणित मांडून दाखवलं, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर मात्र पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून खराखुरा उडला. २३ स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन, वरच्या पंखाच्या मोकळ्या चौकटीतून डोकं बाहेर काढून बसायचं ते विमान. जून १९१८ मध्ये पाडला गेला आणि महिनाअखेर जर्मनांच्या ताब्यात वारला. लग्नाच्या पंगतीत हे नाव काढा आणि बघा किती जण ओळखतात ते.

कोणी म्हणतं, स्पिटफायरवर लिहा की, दुसऱ्या महायुद्धात ती उडवणारं आपल्या बडोद्याच्या नावाचं १२४ स्क्वाड्रन होतं. होतं. स्पिटफायरवर पुस्तकांची कपाटंच्या कपाटं भरलीत. तिथे माझी गरज नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बोर्डेन यांना अमेरिकेहून बोलावून या राज्यात गावोगावी वाचनालयं उभी केली. पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तकं जायची. त्याच बडोद्यात मी लेखी तक्रार दिली की पान कापलंय, नोंद करा, दुसऱ्या प्रतीवरून छायाप्रत मागवून चिकटवा, खर्च मी देतो. अर्जाला उत्तर आलं. लगेच आलं, हे विशेष. ‘सदर पुस्तक खराब स्थितीत असल्याचे आपण निदर्शनास आणून दिल्याने ते रद्द करावयाच्या यादीत समाविष्ट करण्यात येत आहे.’

रद्द! एका पानापायी उरलेलं सगळं पुस्तक पस्तीत! सोमवारी ग्रंथालय उघडताच मी साहेबांच्या केबिनबाहेर बसणार आहे. यादीतून नाव काढल्याचं लेखी हातात पडेपर्यंत हलणार नाही. आणि ज्याच्या घरी ते पान आहे त्याला एवढंच सांगतो: पाकिटात घाल, नाव लिहू नकोस, ग्रंथालयाच्या पत्त्यावर टाक. पण लॅमिनेट करू नकोस, आणि मागे शिक्का मारू नकोस.