रात्रपाळीची तारीख

‘साहेब, साइट बंद पडली’ असा फोन आला तर घाबरायचं नसतं. साइट चालूच असते. समोरच्याचं नेट तरी गेलेलं असतं, नाहीतर पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक तरी चालू राहिलेलं असतं. घाबरायचं ते ‘सगळं चालू आहे, पण जरा गडबड वाटतीय’ असं कुणी म्हणालं की.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला मी उत्पादनाच्या नोंदींचं वेब ॲप करून दिलंय. कुठल्या मागावर कुठल्या पाळीत किती टॉवेल निघाले ते कामगार मोबाइलवर भरतात आणि आठवड्याचा पगार त्यावरून निघतो. एके दिवशी तिथल्या दिवाणजींचा फोन आला.

“सगळं बरोबर आहे की ओ, पण रात्रपाळीचा थोडा माल उद्यात जातोय.”

“थोडा म्हणजे किती?”

“थोडा म्हणजे... थोडा.”

मी स्क्रीनशॉट मागितला. आला तो पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. त्यात ट्यूबलाइट होती, दिवाणजींचा अंगठा होता, टेबलावरचा शेंगा चटणीचा डबा तर लेबलासकट वाचता येत होता. तारखेचा रकाना तेवढा अंगठ्याखाली. मग मी नेहमीचा अंगारा काढला : “कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबा.” म्हणजे ब्राउझर जुनं साठवलेलं सोडून पान नव्यानं आणतो. गुण येवो न येवो, आमच्या धंद्यात आधी हाच लावतात. दिवाणजींनी तिन्ही बटणं एकामागून एक, दमानं दाबली. “दाबली. आता?”

माझ्या लॅपटॉपवर सगळं ठणठणीत चालत होतं. म्हणून कोड कुठवर पोचतो ते कळावं म्हणून त्यात जागोजागी कन्सोलवर, म्हणजे डेव्हलपरच्या पडद्यावर, संदेश छापणाऱ्या ओळी पेरल्या. पुस्तकात याला लॉगिंग म्हणतात आणि तिथे संदेश फार सभ्य असतात. माझे संदेश असे : ‘इथं आलं’, ‘इथं पण आलं’, ‘इथं कसं काय आलं??’ तारखेचं प्रकरण म्हटलं की हात जरा जपूनच घालावा लागतो. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत जानेवारी हा शून्यावा महिना असतो. १९९५ साली भाषा घाईघाईत तयार झाली, तारखेचा भाग जावा या दुसऱ्या भाषेवरून उचलला गेला, आणि तेव्हापासून सगळं जग डिसेंबरला अकरा म्हणतंय.

तासाभरानं नोंदींची यादी वेळेप्रमाणे लावली आणि चोर सापडला. पहाटे साडेपाचपर्यंतचा माल आदल्या तारखेला, साडेपाचनंतरचा पुढच्या. साडेपाच हा आकडा दिसला की भारतातला कुठलाही वेब डेव्हलपर कपाळाला हात लावतो. नोंदीची वेळ यूटीसीत, म्हणजे ढोबळमानानं ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे साठवलेली असते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिकडे मध्यरात्र होऊन तारीख उलटते तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि ॲप तारीख काढत होतं ती तिकडची. माझ्या लॅपटॉपवर हे दिसलं नाही, कारण टेस्टिंग मी दुपारी जेवून करतो. दुपारी ग्रीनिच आणि सोलापूर यांची तारीख एकच असते.

उपाय सोपा होता. तारीख काढताना ‘आशिया/कोलकाता’, म्हणजे भारतीय वेळ, लावलं. (कॉम्प्युटरच्या लेखी अख्खा भारत कोलकात्यात राहतो, त्याला इलाज नाही.) आता तारीख आपल्या मध्यरात्री बदलणार. रात्री सर्व्हरवर चढवलं आणि निवांत झोपलो.

सकाळी फोन आला, पण दिवाणजींचा नव्हे, रात्रपाळीच्या जॉबरमामांचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमांचा.

“काय करून ठेवलंत ओ? आधी शेवटच्या दीड तासाचाच माल उद्यात जात होता. आता बारानंतरचा सगळाच जातोय!”

“मामा, बाराला तारीख बदलते.”

“कुणाची?”

मला उत्तर सुचलं नाही. मामांना मात्र थांबायचं नव्हतं. रात्री अकराला कामाला लागलेला माणूस बाराच्या ठोक्याला, त्याच मागापाशी उभ्या-उभ्या, उद्यात जातोच कसा? पंचांगातसुद्धा सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. जुन्या मिलच्या काळात भोंगा झाला की पाळी बदलायची आणि पाळीबरोबर दिवस; भोंग्याला कुणी ग्रीनिच विचारलं नव्हतं. सूर्याचंच धरायचं तर भारतीय वेळही सोलापूरला लागू नाही, असं सांगायचा मला मोह झाला होता. ती मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून ठरते आणि आपला सूर्य तिच्या साधारण २६ मिनिटं मागे चालतो. पण मामांच्या हातात आणखी एक हत्यार द्यायला मी काही वेडा नव्हतो.

तांत्रिकदृष्ट्या माझी तारीख बरोबर होती. पगाराच्या दृष्टीनं मामा बरोबर होते, आणि कारखान्यात पगाराची दृष्टीच चालते. शेवटी भारतीय वेळेतून सात तास वजा करून तारीख काढली. सकाळी सहा पंचावन्नची नोंद आदल्या दिवसाची, सातची आजची. शेजारी इंग्रजीत एक गंभीर टिप्पणी लिहिली, म्हणजे उद्या कुणी शहाणा ती ओळ ‘दुरुस्त’ करायला जाणार नाही.

दोन्ही पक्ष खूश झाले. संध्याकाळी मामा म्हणाले, पोरं चहा पिऊन नोंद करतात, सव्वासात धरा. दिवाणजी म्हणाले, मग पहिल्या पाळीची पंधरा मिनिटं कुणाच्या बापाची? मी सेटिंगमध्ये ‘दिवस कधी सुरू होतो’ अशी एक चौकटच करून दिली. तिचा पासवर्ड कुणाकडे राहणार यावरून दोघांची जुंपली, तसा मी लॅपटॉप मिटला आणि कामाचं बिल दिवाणजींच्या टेबलावर ठेवलं. त्यावर तारीख हातानं घातली होती.