दाराचं रबर, व्हॅसलीनची डबी आणि बुजवलेली भोकं

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की आमच्या कोल्हापुरातल्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. एक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, आणि दुसरी ‘ती’ पोस्ट. पातळी निदान बदलते तरी. पोस्ट मात्र दरवर्षी जशीच्या तशी:

“शोरूमला हजारो रुपये घालवू नका! दाराचं रबर सुकलं की गाडी गळते. पेट्रोलनं पुसा, व्हॅसलीन चोळा, रबर नव्यासारखं. ढिलं वाटलं तर आत नळी सरकवा. सुटलं असेल तिथं फेविक्विक. दाराच्या खालची भोकं एमसीलनं बुजवा. मग पुरातनं गाडी घाला, आत थेंब येणार नाही.”

यंदा चौघांनी पाठवली. एकानं वर ‘नाद खुळा’ असंही लिहिलं होतं. यातलं निम्मं मी माझ्या गाडीवर करून बसलोय, म्हणून लिहितो. घरच्या घरी दुरुस्ती करण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः तेच करतो. पण पाणी कुठनं येतंय हे न बघताच ही पोस्ट औषध द्यायला लागते, आणि त्यातली दोन औषधं तर रोगापेक्षा वाईट आहेत.

आधी पेट्रोल आणि व्हॅसलीन. दाराचं रबर, म्हणजे आपल्याकडं ज्याला बीडिंग म्हणतात ते, आजच्या बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. ऊन, पाऊस, हवेतला ओझोन हे सगळं ते वर्षानुवर्षं सोसतं. त्याचं वाकडं फक्त पेट्रोलियमशी. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, आणि व्हॅसलीनसुद्धा, कारण व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेलीच. हे पदार्थ ईपीडीएममध्ये शिरतात आणि रबर फुगतं. गंमत अशी, की फुगलेलं रबर पहिले काही दिवस छानच दिसतं: काळंभोर, मऊ, गुबगुबीत. दारही घट्ट बसतं. माणूस खूश होतो आणि पोस्ट पुढं ढकलतो. त्यानंतर ते लिबलिबीत होऊन कडेला फाटायला लागतं, हे सांगायला कोणी परत ग्रुपवर येत नाही. शिवाय चिकटपणा राहतो तो वेगळाच. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागनं दोनदा जाऊन आलात की त्या रबरावर धुळीचा लेपच बसतो, आणि तो लेप दर वेळी दार लावताना पॉलिश पेपरसारखा घासतो.

मुळात ‘सुकलं’ हे निदानच अर्धं चुकीचं आहे. बीडिंगचे दोन भाग असतात. एक कडक, आत लोखंडी पट्टी असलेला, जो दाराच्या चौकटीच्या पत्र्याच्या कडेला चावून धरतो. दुसरा मऊ, स्पंजचा, आतनं पोकळ फुगा. दार लावलं की हा फुगा दबतो, उघडलं की परत फुलतो. दहा-बारा वर्षं दबून दबून तो फुलायचं विसरतो. जुन्या गादीत कापूस बसतो ना, तसं. त्यावर वरनं काहीही चोळलं तरी बसलेली गादी उठत नाही. चोळायचंच असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसून, पूर्ण वाळवून, फडक्यावर थोडं सिलिकॉन ग्रीस घ्यावं. त्यानं रबर कुरकुरत नाही, पत्र्याला चिकटत नाही, आयुष्य वाढतं. गळती थांबत नाही. आणि गाडी रंगाला द्यायची असेल तर सिलिकॉनचा स्प्रे जवळसुद्धा नेऊ नका, पत्र्यावर त्याचा अंश राहिला की नव्या रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात आणि उद्यमनगरातला पेंटर तुमच्या नावानं बोटं मोडतो.

आता माझी कहाणी. दोन पावसाळ्यांपूर्वी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं राहायला लागलं. गाडीत कुबट वास, सकाळी काचा आतनं धुरकट. मी पोस्ट वाचून रबराला व्हॅसलीन लावलं, आणि एका रविवारी दाराच्या खालच्या कडेची तीन भोकं एमसीलनं नीट, अंगठ्यानं दाबून बुजवली. आठ दिवसांनी वळणावर दारातनं आवाज यायला लागला, चुळुक चुळुक, कळशीत पाणी हिंदकळतं तसा. उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी दार उघडलं, खाली वाकून बघितलं आणि हसले.

“सर, ही भोकं कुणी मुजवली?”

मी म्हणालो, “मीच.”

“मग आता दारात मासं सोडा.”

स्क्रू ड्रायव्हरनं त्यांनी एमसीलचा पहिला खडा पाडला आणि लाल पाण्याची धार त्यांच्या चपलेवर पडली. मग त्यांनी मगभर पाणी काचेवर ओतून दाखवलं. काचेच्या बाहेरच्या बाजूला जी पट्टी असते ती सगळं पाणी अडवत नाही, थोडं पाणी काचेबरोबर दाराच्या पोटात उतरतंच. कंपनीनं ते गृहीत धरलेलं असतं, म्हणून तर खाली भोकं. आणि ते पाणी आतल्या बाजूला येऊ नये म्हणून दाराच्या पॅडच्या, म्हणजे आतल्या आवरणाच्या मागं, पत्र्यावर, एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीनं चिकटवलेला असतो. माझ्या गाडीत पॅड काढल्यावर तो कागद अर्धा फाटून लोंबताना दिसला. आदल्या वर्षी एका दुकानात स्पीकर बसवून घेतले होते, तेव्हा पोरानं तो टराटरा ओढून काढला होता. पाणी तिथनं पॅडवर, पॅडवरनं कार्पेटवर. रबराचा काही दोष नव्हता. नवा कागद, ब्युटाइलची चिकट पट्टी, पाऊण तासाचं काम. कार्पेट वाळायला मात्र चार दिवस गेले, आणि तेही बाहेर ऊन नसताना, पंखा लावून.

म्हणून भोकं बुजवू नका, उलट दर पावसाळ्याआधी काडीनं मोकळी करा. गगनबावड्याकडनं, राधानगरीकडनं आलेल्या गाड्यांत ती तांबड्या मातीनं आपोआपच बुजतात. दार आतनं गंजायला तेवढं पुरतं.

कार्पेट ओलं होण्याची कारणं आणखीही आहेत. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकलेली असतात. एसीची पाण्याची नळी तुंबलेली असेल तर डावीकडच्या सीटच्या पायाशी पाणी, आणि तेही पाऊस नसताना. रबरच दोषी आहे का हे बघायला पुढारीच्या पानाची एक पट्टी पुरते. ती रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. अडली तर तिथली पकड ठीक, सुळकन निघाली तर तिथं ढिलं. चौकटभर असं फिरा. मग एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरनं नळीनं पाणी मारायचं, खालनं सुरू करून हळूहळू वर. वरनं सुरू केलं तर पाणी कुठनं शिरलं ते कळतच नाही.

सगळीकडंच ढिलं असेल तर रबर बदलायच्या आधी दाराकडं बघा. अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरी गेली. नाही तर खांबावरचा स्ट्रायकर, ज्यात लॉक अडकतं तो, पेन्सिलीनं खूण करून एखादा मिलिमीटर आत सरकवला की बऱ्याच दारांची पकड परत येते.

नळीचा सल्ला निम्मा बरोबर आहे. बसलेल्या फुग्यात आधार घातला की तो उठतो, हे खरं. पण पोस्टमधल्या फोटोत जी पाण्याची जाड नळी आहे ती घातली तर दार आपटावं लागतं आणि लॉक पहिल्याच टप्प्यावर अडकतं. दार लागल्यासारखं दिसतं, लागलेलं नसतं. मागच्या सीटवर पोरं असतील तर हा खेळ नको. फुग्याच्या पोकळीपेक्षा बारीक, मऊ फोमची दोरी घाला, साबणाचं पाणी लावून, जिथं कागद सुळकन निघाला तेवढ्याच तुकड्यात.

फेविक्विक रबराचं तुटलेलं टोक टोकाला जोडायला चांगलं. लांबीभर लावलं तर वाळून काचेसारखं कडक होतं आणि तडकतं. चौकटीवरनं सुटलेल्या बीडिंगला तर बहुतेक वेळा गोंद लागतच नाही. काढून घ्या, कडक भागाचं तोंड पक्कडीनं हलकं दाबा, परत ठोकून बसवा.

राहता राहिला पूर. दाराचं रबर शिंतोडे आणि वाहतं पाणी अडवतं, साचलेल्या पाण्याचा दाब नाही. त्यात गाडीच्या तळाला रबरी बुचं असतात, मागच्या बंपरच्या आत गाडीतली हवा बाहेर जायला झडपा असतात, तिथनंही पाणी शिरतं. २०१९ ला नागाळा पार्कात, शाहूपुरीत पाण्यात बसलेल्या गाड्यांत चांगल्या रबराच्या नव्याकोऱ्या गाड्याही होत्या. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की मी गाडी कळंब्याला मेव्हण्याच्या दारात नेऊन लावतो, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाही.