लाइट गेली का रे?

आमच्या घरात वीज या विषयावर बोलायचा मान अण्णांचा. ते काही वीज मंडळात नव्हते, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पण मिरजेत भारनियमन जोरात होतं त्या दिवसांत गल्लीतल्या कुठल्या घराचा फेज कधी जातो आणि कुठल्या डीपीतला फ्यूज कधी उडतो, हे त्यांना पेशव्यांच्या वंशावळीपेक्षा पक्कं पाठ होतं. मी श्टुटगार्टची नोकरी घेतली तेव्हा पगार, थंडी, जेवणखाण यातलं काहीही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "तिकडं लाइट जाते का?"

"नाही अण्णा. वर्षभरात सरासरी बाराएक मिनिटं जाते म्हणे."

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती बारा मिनिटं कधी, हे आधी कळवतात का?"

या गोष्टीला अडीच वर्षं झाली. इथे लाइट एकदाही गेलेली नाही. (मी स्वतः घालवली ती सोडून. ते सांगतोच.) आणि मिरजेत रोज सहा-सहा तास लाइट जायची तेव्हा मी विजेचा जेवढा विचार केला नसेल, तेवढा इथे ती चोवीस तास असताना करतो.

सुरुवात पहिल्याच रात्री झाली. जर्मन माणूस भाड्याचं घर सोडताना दिवे घेऊन जातो. दिवे म्हणजे नुसते बल्ब नव्हेत, होल्डर, शेड, सगळं. कित्येकजण ओटा, सिंक आणि कपाटांसकट स्वयंपाकघरही उचलून नेतात. आमचं स्वयंपाकघर नशिबानं जागेवर होतं. पण प्रत्येक खोलीच्या छतातून तीन वायरी लोंबत होत्या: लाल, काळी, करडी. मी फोटो काढून मिरजेच्या आमच्या वायरमनला पाठवला. तिकडे रात्रीचा एक वाजला असेल, तरी या माणसाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "लाल फेज, काळी न्यूट्रल, उरली ती अर्थिंग. बिनधास्त जोडा साहेब."

मी बिनधास्त जोडलं. खटका दाबला आणि घरभर जे काही चालू होतं ते एका झटक्यात बंद पडलं.

नंतर कळलं ते असं. आमची इमारत 1958 ची. जर्मनीत 1965 च्या आधीच्या वायरिंगमध्ये लाल रंग चक्क अर्थिंगचा असायचा, काळी फेज आणि करडी न्यूट्रल. म्हणजे मी फेज घेऊन सरळ जमिनीत सोडली होती. गळती ओळखणारा ब्रेकर जागा होता म्हणून आज हा लेख लिहायला मी आहे. रंगावर माणूस ओळखू नये हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, वायरीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. अगदी साधा सल्ला देतो: परदेशात छतातल्या वायरीला हात लावू नका, परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. आमचा सोळा दिवसांनी आला. सात मिनिटं काम केलं, आणि 94 युरोचं बिल पोस्टानं पाठवलं. तोवर एका टेबल लॅम्पवर आम्ही तिघांनी संसार केला. ज्याला बाथरूमला जायचं असेल त्याने लॅम्प घेऊन जायचा, उरलेल्यांनी अंधारात त्याची वाट बघायची.

मग पहिलं वार्षिक बिल आलं. इथे दरमहा अंदाजानं ठरवलेला हप्ता जातो आणि वर्षाच्या शेवटी खरा हिशेब होतो. आमच्या खऱ्या हिशेबात 412 युरो बाकी निघाले. मी फ्रिजवर संशय घेतला, बायकोने माझ्या कॉम्प्युटरवर घेतला, लेकीने कुणावरच न घेता खोलीचं दार लावून घेतलं. खरा चोर बाथरूमच्या भिंतीवर पांढरा सदरा घालून बसला होता. त्याचं नाव डुर्शलाउफएरहित्सर. टाकी नाही, काही नाही. नळ सोडला की पाणी वाहता वाहता तापवणारा गीझर. थ्री फेजवर चालतो आणि एकटा 21 किलोवॅट खातो. मिरजेचा आमचा गीझर दोन किलोवॅटचा, तोही आई "बंद केलास का?" असं तीनदा ओरडल्याशिवाय चालत नसे.

मी हिशेब मांडला. दहा मिनिटं शॉवर म्हणजे साडेतीन युनिट. आमचा दर युनिटला 35 सेंट. म्हणजे लेकीच्या एका अंघोळीला सव्वा युरो, आणि ती आत गाणी म्हणत असेल तर अडीच. हेच पाणी वीस लिटरच्या बादलीत घेतलं तर पाऊण युनिटही लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी बांधकाम सामानाच्या दुकानातून सिमेंट कालवायची काळी बादली आणि स्वयंपाकाचं मापाचं भांडं आणलं. लेक म्हणाली, "बाबा, आपण प्रगत देशात राहतो ना?" मी म्हटलं, "म्हणूनच तर परवडत नाही."

श्टुटगार्ट ज्या श्वाबियात आहे तिथले लोक काटकसरीसाठी जर्मनीभर बदनाम आहेत. आपल्याकडे पुणेकरांवर जे विनोद होतात ते तिकडे यांच्यावर होतात, आणि दोघांनाही ते विनोद वाटत नाहीत. तळमजल्यावरच्या आजी तर काटकसरीच्या पीठाच्या शंकराचार्य. जिना झाडायची आठवड्याची पाळी, केरवोखं, ज्याची असेल त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि तुम्ही कोपरा सोडलात तर आजी काही बोलत नाहीत, फक्त त्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहतात. माझी काळी बादली त्यांनी जिन्यात पाहिली तेव्हा प्रथमच माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि म्हणाल्या, "बाल्कनीला सोलार का लावत नाही?"

मला तेवढंच हवं होतं. 2024 च्या मे महिन्यात नियम सैल झाले होते. बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल टांगायची, छोटा इन्व्हर्टर 800 वॅटपर्यंतचा, आणि त्याची पिन घरातल्या सॉकेटमध्ये खोचायची. खरंच एवढंच. बाहेरून वीज घरात येते त्याच भोकातून आपली वीज उलटी आत ढकलायची. सेट मिळतो किराणामालाच्या दुकानात, दूध-अंडी-पावाच्या शेजारी, आणि 2023 पासून त्यावर विक्रीकर शून्य. जूनमध्ये मी दूध आणायला गेलो आणि वीस-वीस किलोची दोन पॅनल घेऊन आलो. दूध राहिलं.

त्या रात्री अण्णांना फोन केला. त्यांनीही नुकतंच सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॅट बसवून 78,000 रुपयांचं अनुदान खिशात घातलं होतं, त्यामुळे आवाजात वजन होतं.

"तुझं किती?"

"आठशे वॅट."

"म्हणजे आपल्या इस्त्रीएवढं," अण्णा म्हणाले. मग मुद्द्यावर आले. "बरं, लाइट गेल्यावर चालतं का?"

"नाही. लाइट गेली की हेही बंद होतं. खांबावर कुणी काम करत असला तर आपल्या विजेनं त्याला झटका बसू नये म्हणून."

पलीकडून सुटकेचा मोठा निःश्वास आला. "आमचंही नाही चालत. मला वाटलं मलाच फसवलं."

पॅनल आणली खरी, पण घर भाड्याचं. घरमालकाला पत्र घातलं. ईमेल नव्हे, इथे ईमेलला पत्राचा दर्जा नाही, पत्राला देवाचा आहे. मालकांनी कळवलं, इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारतो. व्यवस्थापनानं कळवलं, सदस्यांच्या सभेत विषय घेऊ. सभा कधी? होईल तेव्हा. जून गेला, जुलै गेला, ऑगस्टमध्ये रात्री साडेआठपर्यंत लख्ख ऊन पडत होतं, आणि माझी सौरऊर्जा कपाटामागे भिंतीला टेकून अंधारात उभी होती. शेवटी ऑक्टोबरात कायदा बदलला: सबळ कारणाशिवाय घरमालकाला आता नाही म्हणता येत नाही. संमतीचं पत्र आलं. पॅनल चढली. तारीख 9 नोव्हेंबर.

नोव्हेंबरातला श्टुटगार्टचा सूर्य ज्यांनी पाहिला आहे (फार लोकांनी पाहिलेला नाही) त्यांना माझं दुःख कळेल. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर येतो. मिरजेत त्याच दिवशी तो 50 अंशांवर असतो आणि अण्णा टोपी शोधत असतात. इथे तो समोरच्या इमारतीच्या धुराड्यामागून येतो, आमची चौकशी करतो आणि जातो. एका धुकट दिवशी मोबाइलवर दिवसभराचं उत्पन्न दिसलं: 0.1 युनिट. एवढ्यात माझा मोबाइल चार-पाचदा चार्ज झाला असता, पण उत्पन्न बघण्यातच त्याची बॅटरी संपत होती.

मधल्या काळात महिन्याच्या आत सरकारी नोंदणी करायची होती. त्या नोंदवहीचं नाव मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर. नोंदणी सोपी आहे, पंधरा मिनिटांत होते. त्यातली दहा नाव नीट वाचण्यात जातात.

मार्च उजाडला आणि आमच्या घराचा कारभार बदलला. बाल्कनीतून मिळणारी वीज त्या क्षणी वापरली तर आपली. उरली तर ती गुपचूप रस्त्यावर जाते, आणि तिचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. ही गोष्ट बायकोला सांगितली ती माझी चूक. "म्हणजे आपली वीज फुकट शेजारी जाते?" तिच्या माहेरी इस्लामपूरला उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण असायचं, ढग आला की "कुरडया उचला!" अशी आरोळी उठायची. तीच आरोळी आता उलट दिशेनं सुरू झाली. ऊन आलं की "मशीन लाव! कुकर ठेव! मिक्सर काढ!" लेक ऑनलाइन अभ्यासात असो की मी मीटिंगमध्ये, ढग सरकला की तिघंही उठणार. धुणं, इस्त्री, डोश्याचं पीठ, सगळं सूर्याच्या मर्जीनं. ढग परत आला की मशीन अर्ध्यात थांबवायचं का यावर चर्चा. एका रविवारी लख्ख ऊन पडलं आणि बायको चटणीसाठी मिक्सर लावणार तेवढ्यात मला आठवलं, रविवारी इथे आवाज करायचा नसतो. चटणी पाट्यावर वाटावी असं सुचवलं. पाटा नाही हे बरं झालं, नाहीतर तो माझ्या डोक्यात बसला असता.

पण खरं सुख तळघरात होतं. आमचा मीटर जुना, काळा, चकती फिरणारा. एप्रिलच्या एका दुपारी मी सहज खाली गेलो आणि बघतो तर चकती उलटी फिरत होती! आकडा मागे जात होता. गावाकडे मीटर हळू फिरावा म्हणून लोक काय काय चिकटवायचे, पकडले गेले की तोंड लपवायचे. आणि इथे सरकारनंच कायद्यानं म्हटलं होतं की नवा मीटर बसेपर्यंत मागे फिरला तर चालेल. मी रोज दुपारी जाऊ लागलो. खुर्ची नेली. बायको म्हणाली, आता उदबत्तीही ने.

मे महिन्यात दोन माणसं आली, काळा मीटर काढला आणि डिजिटल बसवून गेली. मागे फिरणं बंद. शिवाय हा मीटर आत्ता किती वीज लागते ते दाखवायला पिन मागतो. पिन पोस्टानं आली. पण मीटरला बटणच नाही. माहितीपत्रक तीनदा वाचलं, मग शेजारच्या सहकाऱ्याकडून वाचून घेतलं, तेव्हा विश्वास बसला: पिन टॉर्चनं टाकायची. दोनदा उजेड मारला की मीटर जागा होतो. मग पहिला आकडा सात असेल तर सात वेळा उजेड, थोडं थांबायचं, पुढचा आकडा. शून्य असेल तर नुसतं थांबायचं. एक जरी चुकलं तर पहिल्यापासून.

रविवारी दुपारी बाराला मी तळघरात मीटरसमोर टॉर्च घेऊन उभा. तळघरात नेटवर्क नाही, म्हणून लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मोबाइल धरून, त्यात मिरजेहून अण्णा. पाचव्या खेपेला मी तिसऱ्या आकड्यावर होतो तेव्हा आजी बटाट्यांची टोपली घेऊन खाली आल्या. मीटरला ओवाळणारा माणूस त्यांनी नीट पाहून घेतला आणि म्हणाल्या, "टॉर्च जवळ धरा. माझाही पहिल्यांदा असाच अडला होता."

जवळ धरला. दोन, तीन, चार. थांबलो. पडदा उजळला आणि आकडा आला: उणे 214. आमच्या घरातून त्या क्षणी 214 वॅट बाहेर चालले होते.

"आला!" मी ओरडलो, आणि तेवढ्यात जिन्यातला दिवा गेला. इथे जिन्यातले दिवे चार मिनिटांनी आपोआप बंद होतात. काळोखात आजी, बटाटे आणि मी.

"काय झालं?" पायरीवरून अण्णांचा आवाज.

"आजोबा, लाइट गेली," लेकीने सांगितलं.

"गेली ना!" अडीच वर्षांत अण्णा इतके आनंदी झाले नव्हते. "घड्याळ बघा रे पटकन. बारा मिनिटं होतात का मोजा!"