आंटी, तुमचे केस डेड आहेत

आत्ता पार्लरमधून आले, चहासुद्धा टाकला नाही, तशीच लिहायला बसलेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

परवा भाच्याचं लग्न आहे म्हणून म्हटलं जरा टोकं सारखी करून घ्यावीत. बास, एवढंच काम. आमची नेहमीची ताई गावाला गेलीये म्हणून मेन रोडवरच्या त्या नव्या, काचेच्या दाराच्या सलॉनमध्ये गेले. तिथली पोरगी, असेल बावीस-तेवीसची, तिने माझी एक बट दोन बोटांत अशी उचलली, मेलेली पाल उचलावी ना तशी, आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणते, "आंटी, केस एकदम डेड झालेत तुमचे. केअरच घेत नाही का काही?" आणि मी तोंड उघडायच्या आत टॅब पुढे. केराटिन ७,५००, पण आज ऑफर आहे म्हणून ४,९९९, वर हेअर स्पा फ्री.

मी काय बोलले असेन? "नको गं, नुसतं ट्रिम कर." झालं. ३० वर्षं आख्खे वर्ग गप्प बसवलेली बाई मी, आणि तिथे गळ्याला ते प्लॅस्टिक बांधून मान खाली घालून बसले, गृहपाठ केला नसल्यासारखी.

उत्तर सुचलं ते रिक्षात. की अगं बाई, डोक्याच्या बाहेर आलेला प्रत्येक केस डेडच असतो, तुझा पण आणि तुझ्या भिंतीवरच्या त्या मॉडेलचा पण. जिवंत काय असतं ते मुळाशी, कातडीच्या आत. म्हणून तर केस कापताना दुखत नाही. विज्ञानाच्या तासाला हे वाक्य किती वेळा म्हटलंय मी.

आता मात्र ते माझ्या तोंडून नीट निघत नाही. आईमुळे. सांगते, पण आधी हा राग उतरू दे.

काय आहे, माझे केस बदललेत हे मला माहीत आहे हो. ५९ वर्षांची आहे मी, रोज सकाळी आरशात बघते. पाळी गेली (आपल्याकडे साधारण ४६-४७ला जाते, माझी ४८ला गेली) आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत केस कुणा दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे वागायला लागले. डोक्याची कातडी पूर्वी जे तेल सोडायची ते कमी होतं, आणि आहे तेवढं तेल लांब केसाच्या टोकापर्यंत पोचतच नाही. केस बारीक होतो, त्याचा वाढायचा काळ आखूड होतो, म्हणजे पूर्वी कमरेपर्यंत जायचा तो आता खांद्यापाशीच दमतो. पांढरे तर विचारूच नका, तारेसारखे उभे. हे काही माझ्या आळशीपणामुळे झालेलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले तर कुणी म्हणतं का "गुडघ्यांची केअर घेत नाही का काही"? नाही म्हणत. केसांचंच का मग बाईला विचारायचं, आणि तेही असं की जणू तिने कुठलं तरी घर नीट सांभाळलं नाही?

आणि एक, कुणीही, एकाही पार्लरवालीने, सुनेने, मैत्रिणीने, मला कधी "थायरॉइड तपासलास का गं" असं विचारलं नाही. सगळ्यांकडे सीरम होतं. ५६व्या वर्षी केस काथ्यासारखे झाले, गळायलाही लागले, तेव्हा मी सहा महिने सीरम, कांद्याचा रस, मेथ्या असलं काय काय केलं, आणि शेवटी स्किनच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत रक्त तपासायला लावलं तर थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच वाढलेलं आणि शरीरातला लोहाचा साठा तळाला. गोळ्या सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांनी फरक दिसला. त्या डॉक्टरबाई एक वाक्य बोलल्या, "दिवसाला ५०-१०० केस जाणं नॉर्मल आहे, मोजत बसू नका." मी मोजत होते हो. बेसिनच्या कडेला लावून.

तर आई.

आमचं माहेर वाईचं. आईचे केस लांब, पन्नाशीपर्यंत बुचडा मुठीत मावायचा नाही. रविवारी न्हाणं. शनिवारी रात्रीच शिकेकाई, थोडा रिठा, नागरमोथा, कपूरकाचरी लोखंडी कढईत भिजत पडायचं आणि सकाळी बंबाच्या पाण्याचा आणि त्या काढ्याचा वास घरभर. विंचरून झालं की फणीतला गुंतवळ ती बोटाला गुंडाळायची, त्याचं वेटोळं करून दाराच्या मागे खिळ्याला टांगलेल्या पिशवीत टाकायची. "केसावर भांडीय्ये" असं ओरडत बाई यायची ना, तिच्यासाठी. वर्षभराच्या गुंतवळावर आईने एकदा एक स्टीलची वाटी मिळवली होती, घासाघीस करून. ती वाटी अजून माझ्याकडे आहे.

८१व्या वर्षी पडली ती, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला इकडे वाघोलीला आणलं. झोपूनच. केस तेव्हा विरळ, पांढरे, दोन बोटांएवढी वेणी, पण होती. अंथरुणावर पडून पडून उशीवर घासून त्यांचा मागे असा गोळा व्हायला लागला की फणीच चालेना. ब्युरोची मावशी रोज म्हणायची, "ताई, कापून टाका, तुम्हालाही सोपं, मलाही सोपं." शाळा, दवाखाना, मी दमलेली, नवरा त्याच्या परीने करत होता पण दमलेला. एका दुपारी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि कापले. मानेपासून. दहा मिनिटं लागली नाहीत.

आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "टाकू नको, पिशवीत ठेव, भांडीवाली येईल."

दहाव्या मजल्यावर. सेक्युरिटीला ॲपवरून परवानगी दिल्याशिवाय जिथे दूधवाला वर येत नाही तिथे.

थांबा जरा, चहा टाकते.

हं. तर मी काय म्हणत होते, केराटिन. हो, मान्य, माझ्या दोन मैत्रिणींनी केलंय आणि त्या खूश आहेत, छान दिसतं, त्यांचे पैसे त्यांची हौस. पण त्यात काय असतं ते तरी विचारा नं बायांनो. केसाला बाहेरून थर देऊन गरम इस्त्रीने सरळ करायचं, मेलेला केस त्याने काही "पुन्हा जिवंत" होत नाही. काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइडचा वाफारा सुटतो, डोळे झोंबतात ते त्यानेच. "फॉर्मल्डिहाइड फ्री" म्हणून जे नवीन आलंय त्यातल्या ग्लायऑक्सिलिक ॲसिडमुळे किडनीवर परिणाम झालेले पेशंट डॉक्टरांनी नोंदवलेत. सगळ्यांना होतं असं नाही. पण बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माझ्यासारखीला ती पोरगी एका शब्दाने विचारते का की बाई तुम्हाला काही आजार आहे का? ऑफर मात्र तीनदा सांगितली.

आणि ती "हर्बल काळी मेंदी". त्याच्यावर तर मी आयुष्यभर बोलू शकते. निव्वळ मेंदी काळी होत नाही, लालच होते, काळी होतेय म्हणजे आत डाय आहे, बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल. मी १२ वर्षं डाय लावत होते तेव्हा काही झालं नाही म्हणून ४८ तास आधी कानामागे लावून बघायचं असतं ते कधी केलं नाही, आणि एकदा त्या हर्बल पुडीने कपाळ सुजलं, डोळे मिटले, दोन दिवस घरातल्या घरात भिंतीला धरून चालले. त्यानंतर सोडला. धीट वगैरे काही नाही मी, "ग्रेसफुली पांढरे ठेवले" असं लोक कौतुकाने म्हणतात तेव्हा मला हसू येतं. घाबरून सोडला.

आता आजीच्या बटव्यावाल्या येतील कमेंटमध्ये, शिकेकाई वापरा म्हणून. वापरली. आईचा सगळा मसाला, त्याच मापाने. केसांचा काथ्या झाला. कारण आई वाईला कृष्णेच्या पाण्याने न्हायची आणि मी इथे टँकरच्या. कुठली बोअर असते ती देव जाणे, बादलीला पांढरा थर बसतो, गीझरची कॉईल वर्षात जाते, तर केसांवर काय बसत असेल? त्यात रिठा, तो मळही काढतो आणि उरलंसुरलं तेलही काढतो. चाळिशीच्या आतल्या तेलकट डोक्याला ठीक. बटवा आजीचा होता, पाणीही आजीचंच होतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मग मी काय करते? फार काही नाही. आठवड्यात दोनदाच डोक्यावरून अंघोळ, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचे (नवरा पाणी वाया म्हणून कुरकुरतो, कुरकुरू दे). आधी तासभर खोबरेल. खोबरेलच, कारण ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना आतलं प्रोटीन निघून जातं ते कमी होतं, पॅराफिनवाल्या त्या घमघमीत तेलांना ते जमत नाही. केस वाढतात बिडतात असं मात्र काही नाही, डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलंय आणि मला ते मनातून अजून पटलेलं नाही पण असो. शाम्पू फक्त कातडीला, कंडिशनर फक्त लांबीला, उलटं नाही. पंचाने खसाखसा पुसायचं नाही, जुना सुती टीशर्ट गुंडाळायचा. रुंद दातांचा कंगवा, खालून वर सोडवत यायचं, टोकापासून.

टोकापासून. हे मला आईच्या वेळी माहीत नव्हतं का? माहीत होतं! मुलीच्या केसांना हेच करायचे मी, शाळेची घाई असली तरी. आईच्या वेळी वरून फणी घातली, अडकली, ओढली, तिने "स्स्" केलं, आणि मी वैतागले.

कापल्यानंतर पंधरा दिवसांनी फिजिओला येणारी मुलगी सहज बोलून गेली, "आमच्या आजीच्या आम्ही मागे एक वेणी नाही घालत, दोन सैल वेण्या, कानामागून पुढे, मग उशीवर घासत नाहीत." दोन वेण्या. शाळेतल्या मुलीसारख्या. तेल लावून, साटीनचा अभ्रा घालून. एवढंच करायचं होतं. मला सुचलं नाही, मावशीला सोपं हवं होतं, मला सोपं हवं होतं, आणि आईला कुणी विचारलंच नाही.

आईची आजी विधवा, लाल आलवणातली होती. आईने बघितलेली. मागच्या दाराने न्हावी यायचा, आजी पाठमोरी बसायची, आणि आम्हा पोरांना तिकडे जायचं नाही असं बजावलेलं असायचं, हे आई सांगायची. तिकडे मुंबईत १८९० साली नाभिक मंडळींनी सभा भरवून ठरवलं होतं की विधवांची डोकी आम्ही भादरणार नाही, आगरकर बिचारे लिहून लिहून गेले, आणि आमच्या वाईत त्यानंतर किती वर्षं ते मागचं दार उघडंच होतं. म्हणजे वस्तरा चालवणाऱ्यांना कळलं, घरच्यांना नाही कळलं.

नाही, मी त्याची आणि ह्याची बरोबरी करत नाहीये. ते अघोरी होतं. माझ्या आईचे केस प्रेमाने कापले गेले, आणि त्या पोरीने मला आज जे सुनावलं ते तिच्या टार्गेटपायी, महिनाअखेर आहे, तिला वरून कुणीतरी ओरडत असणार, मुलगी वाईट नव्हती, मानेवरचे केस फुंकर मारून झटकताना "थंड लागलं का आंटी" म्हणाली. कळतं मला. पण म्हाताऱ्या बाईच्या डोक्याचं काय करायचं ते तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवायचं, हे तेव्हाही होतं आणि आत्ता पण आहे, आणि मीही त्यात होते म्हणून जास्त चिडचिड होतेय.

कापल्यावर आई सात महिने होती. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, त्या वयात त्याहून कमीच. कानापर्यंत आले होते. रोज संध्याकाळी दिवे लागणीला तिचा हात मागे मानेवर जायचा, बुचडा बसवायला. तिथे काही नसायचं. मग ती तो हात तसाच खाली आणून पदर सारखा करायची, जणू पदरासाठीच गेला होता.

मला बघवायचं नाही म्हणून मी त्या वेळेला कुकर लावायला जायचे.

असो. लग्नाला मी अशीच जाणार आहे, तारेसारखे उभे केस घेऊन, गजरा माळून. फोटोत आवडले नाही तर क्रॉप करा. आणि ज्यांची आई अंथरुणाला आहे त्यांनी, प्लीज, कंगवा घेऊन बसण्याआधी तिला विचारा, एवढंच. कापा म्हणाली तर कापा. माझी सासू स्वतः म्हणाली होती, "काप बाई, उकडतंय," आणि नंतर आठवडाभर डोक्यावरून हात फिरवत खूश होती. तेही असतं.

त्या स्टीलच्या वाटीत तेल कोमट करत ठेवलंय मघापासून, गरम पाण्यात. पाणी आटलं असणार, उठते.