बूट चावत असेल तर तो तुमचा नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला: सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणी आणि शेवटी आमची आत्या. ‘धावायला सुरुवात करताय? आधी हे वाचा’ अशी त्याची सुरुवात. पुढचा मजकूर थोडक्यात असा: ओल्या पायाचा ठसा फरशीवर घ्या, तळवा सपाट निघाला तर खास आधाराचेच शूज घ्या, नाहीतर गुडघे जातील. शूज जेवढे महाग, तेवढे गुडघे सुरक्षित. नवे शूज चावतातच, महिन्याभरात पायाला बसतात. पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ जोडी घ्या. कपडे मात्र सुतीच घाला.

आत्या एकसष्टाव्या वर्षी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लागली आहे. मेसेज वाचून तिने एका दुकानात फोनवरूनच महागडी जोडी बाजूला ठेवायला सांगितली. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मेसेजचा क्रम मी मोडते, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त पाय बिघडवले ते ‘चावतातच’ या वाक्याने. कोल्हापुरी चपलेबद्दल ते खरं आहे. चामडं तेलाने आणि वापराने मऊ पडतं, पायाचा आकार घेतं. धावण्याच्या शूजमध्ये चामडं नसतंच. वरचा भाग जाळीच्या कापडाचा, खाली फोमचा सोल. चार-पाच दिवसांत फोम थोडा सैलावतो, पण चवड्यापाशी शूज रुंद होत नाही. दुकानात करंगळी दाबली जात असेल, तर ती सहा महिन्यांनीही दाबलीच जाणार.

मला एका विक्रेत्याने सांगितलं होतं, ‘मॅडम, आठवड्यात सेट होतील.’ मी विश्वास ठेवला. पेडर रोडचा चढ कसाबसा निभावला, पण उतारावर प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकून बोटं शूजच्या नाकावर आपटत होती. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. त्यातलं एक पुढे गळून पडलं. शूज महाग होते, कंपनीही चांगली होती. फक्त माप माझं नव्हतं.

माप घ्यायचं कसं, ते त्या मेसेजमध्ये एका ओळीनेही नाही. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून, लोकलने प्रवास करून पाय थोडे सुजलेले असतात, धावतानाही ते सुजतात. ज्या मोज्यांत धावणार तेच घालून जा. दोन्ही पायांत शूज घालून उभं राहा; बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं धरा. सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र उचलली जाता कामा नये. ती निसटत असेल तर घोट्याजवळचं शेवटचं, सहसा रिकामं राहणारं भोक वापरून लेस बांधून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. आपल्याकडच्या यूके मापांत एका आकड्याचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, आणि एका कंपनीचा ७ दुसरीच्या ७ शी जुळेलच असं नाही. लांबी बरोबर असून चवडा दाबत असेल तर मोठा नंबर घेऊ नका, त्याच नंबरात रुंद जोडी मागा. अनेक कंपन्या तशा बनवतात.

आता ओल्या पायाचा ठसा. ही कल्पना जुनी आणि ऐकायला पटणारी आहे. अमेरिकेच्या लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन दलाने ती नव्या भरतीच्या हजारो प्रशिक्षणार्थींवर तपासून पाहिली. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार शूज दिले, दुसऱ्या गटाला आकार न बघता एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना साधे, बिनआधाराचे शूज देऊन वर्षभर पाहिलं; २०१४ साली ते निष्कर्ष छापून आले. पाय आत झुकणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना ‘आधार’ हवाच असं सांगितलं जातं त्यांना, जास्त दुखापती झाल्या नाहीत. तळवा सपाट आहे आणि दुखतोही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नुसता सपाट आहे म्हणून घाबरू नका.

मग निवडायचं कशावरून? कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग यांनी आयुष्यभर धावण्याच्या शूजचा अभ्यास केला. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की धावणाऱ्याने स्वतःला आरामदायी वाटेल तो शूज निवडावा, कारण आपलं शरीर ज्या पद्धतीने हलू पाहतं त्याला साथ देणारा शूजच आरामदायी वाटतो. मला हे मनापासून पटतं. दुकानात तीन-चार जोड्या घालून दहा-पंधरा पावलं धावा. संकोच करू नका, पैसे आपण देणार आहोत.

महाग म्हणजे सुरक्षित, हेही टिकत नाही. मऊ सोलचा फायदा होतो, याला काही आधार आहे. पण मऊपणा आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. सगळ्यात महागड्या जोड्या बहुधा कार्बन प्लेटच्या (सोलमध्ये कडक पट्टी बसवलेल्या), शर्यतीत वेळ वाचवण्यासाठी केलेल्या असतात. आत्याच्या फेऱ्यांना त्यांचा उपयोग नाही.

वॉटरप्रूफ शूजचं गणित मुंबईच्या पावसात उलटं होतं. पाणी घोट्याकडून, वरून आत शिरतं आणि पाणी अडवणारं आतलं अस्तरच त्याला बाहेर पडू देत नाही. जाळीचा शूज भिजतो, पण निथळतो. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीनदा बदला, पंख्याखाली ठेवा. आणि एक कळकळीने सांगते: शूज चावून फोड फुटला असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांसारख्या प्राण्यांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा आजार) अशाच जखमेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने त्याचे बळी पाहिले आहेत. जावंच लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, महापालिकाही दर पावसाळ्यात हेच सांगते.

सुती कपडे अर्ध्या तासाच्या चालण्याला उत्तम. तासभर धावायचं असेल तर सुती टी-शर्ट घाम धरून जड होतो, काखेत आणि मांड्यांना घासतो. आपल्या दमट हवेत कुठलंच कापड अंग कोरडं ठेवत नाही, पण पॉलिएस्टर पाणी कमी धरतं. घासण्याच्या जागी आधी व्हॅसलिन लावा. बायकांसाठी मेसेजमध्ये अक्षरही नाही, याचा मला राग आला. स्पोर्ट्स ब्रा शूजइतक्याच काळजीने निवडायला हवी: घालून जागेवर उड्या मारा, खांद्यावर पट्टे रुतत असतील किंवा खालचा पट्टा वर सरकत असेल तर परत ठेवा.

आत्या, ती बाजूला ठेवलेली जोडी अजून घेऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी सहाला दादर स्टेशनबाहेर भेट, तुझे फेऱ्यांचे मोजे घेऊन ये.