'बाबूंची करमणूक' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

वार्षिक खरेदी आराखड्यावरच्या (वर्षभरात काय आणि कधी विकत घ्यायचं ते आधीच ठरवून ठेवणाऱ्या तक्त्यावरच्या) माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलं आहे: "रस्त्यावरचे दिवे बंद पडले की निविदा काढावी. वर्षभर आधी कोष्टकं भरणं ही बाबूंची करमणूक. ठेकेदार तसेही ठरलेलेच असतात. देखभालीचा वेगळा ठेका म्हणजे आणखी एक कुरण. आणि तक्त्यात एककं तरी द्यायची!"

एककांचं मान्य. नुसतं 'केबल १२००' वाचून मीटर की रिळं हे कळत नाही. रकाना वाढवला आहे.

पण 'करमणूक' हा शब्द झोंबला, ते कशाला लपवू? निविदा समितीत बसून केस पांढरे झालेल्या माणसाला हे ऐकवण्याआधी एखादं निविदापत्र उघडून पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. विरोध खुशाल करा. टवाळी कशासाठी?

आता तुमचं ते पहिलं वाक्य. दिवे बंद पडल्यावर निविदा काढायची म्हणता, मग नवे दिवे लागणार कधी? खांबांची मोजणी करायची, म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक, उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि बुडाशी लागलेला गंज नोंदवायचा: सहा आठवडे. तांत्रिक तपशील आणि अंदाजपत्रक चार, मंजुऱ्या चार, जाहिरात आणि इच्छुक ठेकेदारांच्या शंकांसाठी निविदापूर्व बैठक पाच, नमुना दिव्यांच्या चाचणीसह छाननी चार, हरकतींसाठी दोन, पुरवठा आणि जोडणी दहा. बेरीज ३५ आठवडे, तीही कुठे काही अडलं नाही तर. निविदापूर्व बैठकीत कोणी रास्त शंका काढली की शुद्धिपत्रक निघतं आणि मुदत पुढे जाते. म्हणून आराखडा उलटा मोजतात: दिवे कधी लागायला हवेत ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत मोजणीची तारीख काढायची.

एवढे आठवडे रस्ता अंधारात ठेवता येत नाही. मग 'तातडीची खरेदी' होते. ज्या रकमेपुढे खुली निविदा काढावीच लागते तिच्याखाली बसावी म्हणून तिचे तुकडे पाडतात, आणि ज्याच्या गोदामात माल पडून आहे त्यालाच काम मिळतं. तुम्ही ज्या ठरलेल्या ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडता, त्याची सोय तुमच्याच पद्धतीने होते, साहेब.

तुकड्यातुकड्यांनी आणलेल्या मालाचं पुढे काय होतं, तेही ऐका. एलईडी दिव्यात उजेड देणाऱ्या चिपच्या आधी बहुधा ड्रायव्हर, म्हणजे चिपला ठरावीक विद्युतप्रवाह पुरवणारा भाग, जातो. एका खेपेतला ड्रायव्हर ७०० मिलिअँपिअरचा, दुसऱ्या खेपेतला १०५० चा. ७०० च्या दिव्याला १०५० चा लावला तर दिवा तापतो आणि उजेड लवकर उतरतो. उलट केलं तर पहिल्या रात्रीपासून मंद. भांडारात दोन्हींचे सुटे भाग ठेवावे लागतात, आणि शिडीवर चढलेल्या माणसाच्या हातात नेमका चुकीचा येतो. विजेच्या दाबाच्या अचानक उसळीपासून दिव्याला वाचवणारं सर्ज संरक्षक उपकरण अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत नसेल, तर दर पाडण्यासाठी पहिली कात्री त्यालाच लागते. घाईत काढलेल्या निविदेत ही ओळ हमखास राहून जाते.

आगाऊ नियोजनाला कायद्यातही किंमत आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात ठरावीक रकमेवरच्या खुल्या निविदेत बोली भरायला साधारणपणे किमान ३५ दिवस द्यावे लागतात. पुरेशा तपशिलाची पूर्वसूचना ३५ दिवस ते १२ महिने आधी प्रसिद्ध केली असेल, तर तीच मुदत १५ दिवसांवर आणता येते. करमणुकीला अशी सवलत कोण देईल?

'ठेकेदार ठरलेलेच' यावर काय बोलायचं? आराखडा प्रसिद्ध असेल तर त्यात नसलेली खरेदी झाली की प्रश्न विचारता येतो. नसेल तर कशाशी ताडून पाहणार?

देखभालीच्या वेगळ्या ठेक्याबद्दल: तो वेगळा काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पुरवठा एकाचा आणि देखभाल दुसऱ्याची असेल तर हमीच्या काळात दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून दोन्ही एकाच करारात घ्या, असं लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत पोचला नसाल, तर आता वाचा.